‘आम्हांला’ म्हणजे कोणाला? वेइशियन छावणीतले एक प्रकरण

आमच्या शुक्रवारच्या अभ्यासगटात प्रभूच्या प्रार्थनेवर बोलणे चालले होते. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ या ओळीवर सगळे ‘रोजची’ आणि ‘आज’ या दोन शब्दांवर बोलतात: उद्याची चिंता नको, देव रोजचे रोज देतो. ते खरेच आहे. पण त्या ओळीत ‘आमची’ आणि ‘आम्हांला’ असे दोन शब्द आणखी आहेत आणि त्यांच्याकडे कोणी फारसे बघत नाही. मराठीत ‘आपण’ म्हटले की समोरचा आत येतो, ‘आम्ही’ म्हटले की तो बाहेर राहतो. देवाशी बोलताना देव बाहेर, हे ठीक. पण माणसांपैकी आत कोण आणि बाहेर कोण? ते ठरवण्याची वेळ दुसऱ्या महायुद्धातल्या एका बंदी छावणीवर आली होती. तिथल्या माणसांची नावे मी दिलेली नाहीत, धंद्यावरून आणि वयावरून ओळखली तरी पुरे. अपवाद फक्त एकाचा, कारण त्याला जग ओळखते.

पार्श्वभूमी

चीनच्या शांडोंग प्रांतातले वेइशियन आज वेइफांग या शहरात मोडते. तिथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे जुने भिंतीबंद आवार होते. त्यात शाळा, दवाखाना, चर्च आणि विद्यार्थ्यांच्या खोल्यांच्या रांगा होत्या. १९४३ च्या मार्चपासून जपान्यांनी उत्तर चीनमधल्या शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांना तिथे आणून डांबले. व्यापारी, बँकवाले, प्राध्यापक, मिशनरी, जोगिणी (नन), जॅझ वाजवणारे, सगळे एकाच आवारात. सर्वांत जास्त इंग्रज होते. काही कॅथलिक धर्मगुरू पुढे पेकिंगला हलवले गेले, काही अमेरिकन कैद्यांच्या अदलाबदलीत मायदेशी परतले आणि चेफूहून (आजचे यांताई) मिशनरींच्या मुलांची अख्खी शाळा शिक्षकांसह आत आली. या सगळ्या येण्याजाण्यानंतर, १९४५ च्या सुरुवातीला, आत साधारण १,४५० माणसे होती. त्यांपैकी अमेरिकन २००.

छळछावणी म्हणतात तशी ही जागा नव्हती, हे आधीच सांगितलेले बरे. पहारा होता, हजेरी होती, भिंतीवर विजेच्या तारा होत्या. पण आतला कारभार कैद्यांच्या समित्या बघत. स्वयंपाक, पाव भाजणे, पाणी उपसणे, संडास साफ करणे, सगळे कैदीच करायचे. जपान्यांकडून यायचे ते धान्य, थोडेफार मांस, भाजी आणि कोळशाचा चुरा. त्या चुऱ्यात माती कालवून मुले गोळे वळायची आणि वाळत घालायची. आपल्याकडे जुन्या चाळींत बायका वळत तसेच. खायला पुष्कळदा काओलियांग, म्हणजे आपली ज्वारीच, पण भाकरी नव्हे, नुसती शिजवलेली लापशी. आतले बरेच जण हे जनावरांचे धान्य समजत. कधी मूग. अंड्यांची टरफले कोणी टाकत नसे, कुटून त्यांची पूड करायची आणि हाडांसाठी मुलांना चमच्याने चारायची. मुले तोंडे वेडीवाकडी करत.

अंडी येत ती बरीचशी चोरून. भिंतीच्या एका भोकातून शेतकऱ्यांशी हा व्यवहार चालवणारा माणूस होता एक ट्रॅपिस्ट साधू. मौनव्रताचा पंथ! पकडला गेल्यावर जपान्यांनी त्याला एकांतवासाची शिक्षा दिली, तेव्हा सारी छावणी पोट धरून हसली म्हणतात. ज्याने आयुष्याची कित्येक वर्षे मौनात काढली, त्याला एकांताची शिक्षा!

चेफूची शाळा चायना इनलँड मिशनची. हे मिशन १८६५ साली हडसन टेलर यांनी काढले. त्यांचा रिवाज असा की मिशनरीला ठरलेला पगार नाही आणि पैशासाठी माणसांपुढे हात पसरायचा नाही, जे मागायचे ते देवाकडे. (केडगावच्या पंडिता रमाबाईंना ज्या पुस्तकांनी श्रद्धेवर काम उभारण्याचे बळ दिले, त्यांत या मिशनचा इतिहास होता. त्यामुळे आपल्यासाठी हे नाव अगदीच परके नाही.) चेफूच्या मुलांना शाळेतून काढून कैदेत नेले, तेव्हा ती रस्त्याने ‘देव आमचा आश्रय व सामर्थ्य आहे’ हे स्तोत्र गात चालली होती. आई-वडील शेकडो मैल दूर, कित्येकांना वर्षानुवर्षे भेटलेले नाहीत. शिक्षिका मात्र कडक. डब्यातून ज्वारीची लापशी खाताना सुद्धा पाठ ताठ आणि तोंड बंद हवे. बाहेरच्या जगाची एक रीत आणि छावणीची वेगळी, असे काही नसते, असे त्या बजावत.

या मुलांचा लाडका ‘अंकल एरिक’ म्हणजे एरिक लिडेल, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला ४०० मीटरचा सुवर्णपदकवाला, रविवारी पळणार नाही म्हणून १०० मीटरची शर्यत सोडणारा. बायको आणि तीन मुली कॅनडात, धाकटीचे तोंडही त्याने पाहिले नव्हते. रविवारी पोरे खेळताना मारामाऱ्या करू लागली, तेव्हा हाच माणूस रविवारी मैदानावर पंच म्हणून उभा राहिला. या गोष्टीकडे मी पुढे परत येणार आहे.

प्रश्न

१९४४-४५ चा हिवाळा. शिधा कमी कमी होत गेलेला. युद्ध कधी संपेल, कोणाला माहीत नाही. आणि जानेवारीत एके दिवशी फाटकातून गाढवांच्या गाड्यांची रांग आत आली. त्यांवर अमेरिकन रेड क्रॉसची पार्सले, एकूण १,५५०. दुधाची भुकटी, लोण्याचे डबे, डबाबंद मांस, चीज, साखर, कॉफी, चॉकलेट, सुका मेवा. ज्यांनी दोन वर्षे रोज रात्री भाकर मागितली होती, त्यांच्यासमोर ती ढिगाने येऊन पडली.

सुमारे सहा महिने आधीही अशी पार्सले आली होती. तेव्हा ती २०० होती आणि अमेरिकनही २००. प्रत्येकाला एक मिळाले आणि बहुतेकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना, मुलांना, आजाऱ्यांना वाटून खाल्ले. त्या आठवणीमुळे या वेळी कोणाच्या मनात शंका आली नाही. जपानी कमांडंटने नोटीस लावली: प्रत्येक अमेरिकनाला दीड पार्सल, बाकी प्रत्येकाला एक. हिशेब बरोबर बसत होता. २०० जणांची ३०० आणि १,२५० जणांची १,२५०. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटप. त्या रात्री आयांनी मनातल्या मनात दुधाचे घोट मोजले असतील.

सकाळी वाटप झाले नाही. सात तरुण अमेरिकन कमांडंटकडे गेले होते. त्यांचे म्हणणे असे की माल अमेरिकन रेड क्रॉसचा, अमेरिकन लोकांनी पाठवलेला. तो इतरांना वाटायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, ते दाखवा. कमांडंटकडे दाखवायला काही नव्हते. त्याने पार्सले कुलपात ठेवली आणि टोकियोला विचारणा केली.

समोरचे पर्याय

वाटपाच्या तीन रीती छावणीत बोलल्या जात होत्या.

पहिली, सगळी पार्सले अमेरिकनांची. १,५५० भागिले २००, म्हणजे माणशी साडेसातच्या वर. एका वकिलाने सांगितले की हा खाण्यापिण्याचा प्रश्नच नाही, मालकीच्या तत्त्वाचा आहे. एका व्यापाऱ्याने तत्त्वाचा आव आणला नाही. त्याला पार्सले हवी होती, एवढेच. मला हा व्यापारी वकिलापेक्षा बरा वाटतो.

दुसरी, कमांडंटची दीड-एकची.

तिसरी एका ज्येष्ठ मिशनरीची, आणि मला सर्वांत जास्त खटकलेली. त्याचे म्हणणे: जबरदस्तीने वाटून घेण्यात पुण्य कसले? पार्सले आधी अमेरिकनांच्या हाती द्या, मग ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकाने द्यावे, तरच त्या देण्याला नैतिक मोल. एका तरुण अमेरिकन शिक्षकाने त्याला विचारले, किती देतील लोक? उत्तर आले, बहुतेक जण निदान दोन तरी देतील. हिशेब करून बघा. २०० गुणिले २, म्हणजे ४००. ती १,२५० जणांत वाटायची, म्हणजे तिघांत मिळून एक. आणि देणाऱ्याकडे साडेपाचच्या वर उरलेली. भुकेल्याच्या ताटातून काढून दात्याच्या पुण्याच्या खात्यात जमा, असा हा प्रकार. भाषा मात्र तिन्ही रीतींत सर्वांत धार्मिक.

चौथीही एक रीत होती: आधी दवाखाना आणि लहान मुले, मग माणशी एक, उरलेल्याचा निर्णय सभेत. ती कोणी जोर लावून पुढे रेटली नाही.

अमेरिकनांच्या बाजूनेही एक गोष्ट लिहिली पाहिजे. युद्ध ऑगस्टमध्ये संपेल, हे जानेवारीत कोणाला दिसत नव्हते. अजून दोन हिवाळे इथेच काढावे लागले तर? घरात दोन लेकरे आणि शिधा घटतोय, अशा बापाला साडेसात पार्सले म्हणजे लेकरांचा जीव वाटणार. त्याच्या जागी मी असतो तर फार निराळा वागलो असतो, अशी खात्री मला देता येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत धान्याचे संच आले, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका मंडळीत (चर्चमध्ये) यादी फक्त सभासदांची करायची की गल्लीतल्या सगळ्यांची, यावर तीन तास वाद झाला होता. तिथे तर कोणी उपाशीही नव्हते.

काय केले गेले

त्या तरुण शिक्षकाच्या मनात होते की २०० अमेरिकनांची सभा बोलवावी आणि सर्वांना वाटण्याचा ठराव करून तो कमांडंटला द्यावा. आधी चार-सहा जणांकडे चाचपणी केली, तर ठराव पडेल असे दिसले. पडलेला ठराव न झालेल्या सभेपेक्षा वाईट, म्हणून त्याने पाऊल मागे घेतले.

टोकियोच्या उत्तराला साधारण दहा दिवस लागले. ते दहा दिवस छावणीच्या सगळ्या काळात सर्वांत वाईट गेले, असे आत राहिलेल्यांनी पुढे सांगितले आहे. दोन वर्षे ज्यांनी एकत्र संडास धुतले आणि पाव भाजले, ते एकमेकांना देशाच्या नावाने ओळखू लागले. मुले भांडली, मग बाप भांडले. वस्तू काही नवी नव्हती, भूकही नवी नव्हती. नवीन एवढेच की काल संध्याकाळी ‘तुझे’ म्हटलेले आज सकाळी काढून घेतले होते.

या दिवसांत छावणीला हसवले ते फक्त दोन माणसांनी. त्याच मालात दक्षिण आफ्रिकेच्या रेड क्रॉसचे बुटांचे २०० जोड होते आणि छावणीत दक्षिण आफ्रिकेचे लोक होते दोन. त्यांनी फळ्यावर नोटीस लावली: पूर्वी घालून दिलेल्या पायंड्याप्रमाणे सगळे २०० जोड आमचे. मालकी दाखवण्यासाठी आम्ही प्रत्येक जोड तीन-तीन दिवस घालू, त्यानंतर कोणी विनंती केल्यास, आम्ही वापरत नसू तेव्हा, उदार मनाने उसने देऊ.

ही नोटीस वाचून किती अमेरिकन ओशाळले, त्याची मोजदाद कोणी केली नाही. पण वकिलाच्या तत्त्वाला इतके नेमके उत्तर एकाही प्रवचनाने दिले नसावे.

परिणाम

टोकियोचा हुकूम आला: प्रत्येक कैद्याला एक पार्सल, अमेरिकनालाही एकच. उरलेली १०० दुसऱ्या छावण्यांना पाठवा.

सात जणांच्या तक्रारीने २०० अमेरिकनांचे अर्धे-अर्धे पार्सल गेले. बाकी १,२५० जणांना मिळायचे होते तेवढेच मिळाले, फक्त दहा दिवस उशिरा.

बायबलमधल्या निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्न्याचे, म्हणजे अरण्यात देवाने इस्राएल लोकांना रोज दिलेल्या अन्नाचे, माप असेच आहे, माणशी एक ओमर (धान्याचे एक जुने माप). ज्याने पुष्कळ गोळा केले त्याला जास्त झाले नाही, ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही, आणि सकाळपर्यंत राखून ठेवलेल्यात किडे पडले. आपण हे ‘साठवू नका, देवावर भरवसा ठेवा’ असे एकेकट्याला शिकवायला वापरतो. प्रेषित पौलाने मात्र हे वचन करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना भलत्याच कामी लावले. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करायची होती, आणि तुमची आजची विपुलता त्यांची गरज भागवो, असे सांगताना त्याने मान्न्याचा दाखला दिला. त्याच्या लेखी मान्ना हा वाटणीचा नियम होता.

आणखी एक गोष्ट मला चुकवता येत नाही. माणशी एक ओमरचा निवाडा ज्याच्या तोंडून आला, तो शत्रू होता. बायबलमध्ये कैदेतली भाकर पुष्कळदा अशाच हाताने येते. संदेष्टा यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलेला असताना त्याला भटाऱ्यांच्या आळीतून रोज एक भाकर मिळे, शहरातली भाकर संपेपर्यंत. कैदी राजा यहोयाखीन याला बाबेलच्या राजाकडून रोजचा शिधा मिळे. भाकर कोणाच्या हातून यावी, यावर घेणाऱ्याचे काही चालत नाही.

लिडेल त्या फेब्रुवारीच्या २१ तारखेला गेला, मेंदूतल्या गाठीने. वय ४३. पार्सलांच्या वादात त्याने काय केले यावर मी काही रचणार नाही, तेव्हा तो आजारीच होता.

१७ ऑगस्ट १९४५ ला एका विमानातून सात छत्रीधारी उतरले, सहा अमेरिकन सैनिक आणि एक चिनी दुभाष्या, आणि छावणी सुटली. त्यानंतर आकाशातून इतके अन्न पडू लागले की पोरांची पोटे बिघडली.

वेगळे काय करता आले असते

कमांडंटची नोटीस न्यायाची होती, पण त्याने अधिकार नसताना आधी शब्द दिला आणि मग मागे घेतला. टोकियोला विचारायचेच होते तर नोटिशीआधी विचारायचे. दहा दिवस माल कुलपात राहिला असता तरी कोणाच्या तोंडचे काढल्यासारखे वाटले नसते. मदतवाटप करणाऱ्या कोणालाही हे लागू आहे: यादी पक्की होईपर्यंत आकडा तोंडातून काढू नये.

सात जण २०० जणांच्या नावाने बोलले, आणि २०० जण गप्प बसले. सभा न घेण्याचा त्या शिक्षकाचा निर्णय मला समजतो, पण पटत नाही. ठराव पडला असता हे खरे, पण ज्यांना वाटून घ्यायचे होते त्यांची नावे तरी कळली असती. ४०-५० अमेरिकनांनी ‘आमच्या वाट्याचे सर्वांत घाला’ असे लिहून दिले असते, तरी शेजारच्या खोलीतल्या इंग्रज बाईला ‘अमेरिकन’ म्हणजे ते सातच नव्हेत, हे दिसले असते.

मिशनरींबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण ते आपल्यातले. स्वेच्छेचे दान मोठे, यात वाद नाही. सहा महिने आधीची २०० पार्सले स्वेच्छेनेच वाटली गेली. पण तेव्हा माणशी एकच होते, साठवण्याजोगे काही नव्हते. साडेसात समोर आली की तोच माणूस उद्याचा विचार करू लागतो. दोन वर्षे ज्याने ‘आज’ची भाकर मागितली, त्याला ती मिळाल्यावर पहिल्यांदा ‘उद्या’ दिसला. टंचाईत टिकलेला भरवसा गाड्या फाटकातून आत आल्यावर डगमगला, आणि त्याची तयारी कोणत्याही प्रार्थनासभेने करून घेतली नव्हती. लिडेलची रविवारची गोष्ट मला इथे आठवते. ज्या नियमासाठी त्याने पदकाची संधी सोडली, तोच नियम पोरे एकमेकांना बडवू लागल्यावर त्याने बाजूला ठेवला, कारण तो नियम त्याचा स्वतःचा होता, पोरांच्या अंगावर घालायचा नव्हता. ज्येष्ठ मिशनरीने उलट केले. स्वतःच्या पुण्याचा नियम त्याने १,२५० भुकेल्यांवर लादू पाहिला.

शुक्रवारी हे सगळे गटात वाचून दाखवले आणि विचारले, तुम्ही असता तर काय केले असते? कॉलेजातली मुले मालकी, आंतरराष्ट्रीय कायदा, बहुमत यांवर तावातावाने बोलली. कोपऱ्यात बसलेल्या एका मावशी, तीसेक वर्षे खानावळ चालवलेल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, “ते दुधाच्या पावडरीचे डबे आधी काढून घ्यायचे ना रे. पोरांना आणि दवाखान्यात पाठवायचे. मग बसा की दहा दिवस भांडत.”